घरातल्या मांजराला काम द्या

मंडळी, आजच्या भाषणाचा मथळा वाचून तुमच्यापैकी काही जण हसतील. बैलाला औत आहे, कुत्र्याला राखण आहे, कोंबडीला अंडी घालायची आहेत. मांजराला कसले आले आहे काम? खावे, चुलीपाशी लोळावे आणि हाक मारली तरी ओ देऊ नये, हाच त्याचा धर्म! तुमचे म्हणणे वरवर पाहता खरे आहे. पण ज्या मांजराला खरोखरच काही काम उरलेले नाही, त्याचे पुढे काय होते, हे मी आमच्याच घरात पाहिले. म्हणून आज हा विषय काढला आहे.

आमच्या गावच्या घरात माळ्यावर भाताची कणगी असे. त्या माळ्यावर जन्मलेली मनी नावाची एक मांजरी माझी धाकटी बहीण लग्नानंतर शहरात घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. खाली रस्त्यावर मोटारींची रांग आणि भटकी कुत्री. तेव्हा मनीला दाराबाहेर सोडायची सोय नव्हती. खिडक्यांना जाळी बसविली, कोपऱ्यात मातीचे तसराळे ठेवले, आणि दोन वेळा वाटीभर खाणे. लेकीसारखे कौतुक होते तिचे!

वर्ष सरले आणि तक्रारी सुरू झाल्या. मनी फुगून पायलीसारखी झाली. पहाटे चार वाजता पांघरुणाबाहेर आलेल्या पायांवर झडप घालू लागली. गादीचे कोपरे ओरबाडून कापूस काढू लागली. पुढे तर स्वतःचेच पोट चाटून चाटून तिने तिथले केस घालवले. बहिणीचे यजमान वैतागले आणि एक दिवस म्हणाले, "पुरे झाले. हिला मासळीबाजारात सोडून येतो. तिथे हिचे पोट भरेल."

मंडळी, मासळीबाजारात पोट भरेल असे आपल्याला वाटते. पण तिथली मांजरे आपापली जागा राखून असतात, कुत्री टपलेली असतात, आणि घरात वाढलेल्या मांजराला मोटारीची चाल कळत नाही. पाळलेला प्राणी उपासमार होईल अशा रीतीने वाऱ्यावर सोडणे हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. बहीण रडकुंडीला आली. शेवटी यजमान म्हणाले, "बरे, एकदा डॉक्टरला दाखवू." मनी वाचली ती या एका वाक्याने.

पशुवैद्यांनी आधी तिला नीट तपासले. हे लक्षात ठेवा. केस जाणे, अंगावर येणे, यांमागे कातडीचा रोग, पिसवा किंवा कुठलेतरी दुखणेही असू शकते. ते नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी विचारले, "ही दिवसभर काय करते?" बहीण म्हणाली, "काही नाही." डॉक्टर म्हणाले, "तोच हिचा रोग आहे."

मांजराचा दिवस कसा असतो?

हे समजण्यासाठी जरा मागे जाऊ. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इतकी ही सोबत जुनी आहे. बैल आपण धरून आणला, माणसाळवला. मांजर मात्र आपल्या पायांनी कणगीपाशी आले. ते आपल्या घरी आले ते मुळात कामावरच!

आता थोडे गणित करू. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी इतके अन्न लागते. एका लहान उंदरातून त्याला सुमारे ३० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसाला सात-आठ उंदीर झाले. आता प्रत्येक झडप काही साधत नाही. तीन झडपांत एक साधली असे धरा. म्हणजे चोवीस वेळा दबा धरणे आले, चोवीस वेळा उडी आली. त्याआधी वास घेणे, कान टवकारणे, बिळापाशी तासन्‌तास बसणे हे वेगळेच. मांजर बराचसा दिवस झोपते हे खरे, पण जागेपणीचा वेळ, त्यातही पहाट आणि तिन्हीसांजा, अशा उद्योगात जातो.

आणि आपण काय करतो? सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. दिवसभराची मजुरी पाच मिनिटांत हातावर ठेवतो आणि म्हणतो, जा, आता गप्प बैस. पण अंगातली शिकार गप्प बसते थोडीच? उंदीर नाही म्हणून ती पायाच्या अंगठ्यावर निघते. पहाटे चारला मनी का उठत होती, हे आता तुम्हीच सांगाल.

कोड्याचे भांडे

डॉक्टरांनी जो उपाय सांगितला त्याला इंग्रजी नाव 'पझल फीडर' असे आहे. आपण त्याला कोड्याचे भांडे म्हणू. कल्पना अगदी साधी आहे. मांजराचे खाणे उघड्या वाटीत न ठेवता असे ठेवायचे की ते मिळवायला त्याला पंजा घालावा लागेल, काही ढकलावे लागेल, लोळवावे लागेल. बाजारात अशी तयार भांडी मिळतात. पण आपल्या स्वयंपाकघरातच त्यांची सगळी सामग्री पडलेली असते.

पहिले भांडे म्हणजे जुने आप्पेपात्र. त्याच्या खळग्यांत थोडे थोडे खाणे ठेवा. मांजराला एकेक खळगा हुंगून, पंजाने उकरून खावे लागते. ओले खाणेही यात चालते. चार-पाच दिवसांनी काही खळग्यांवर कागदाचे बोळे ठेवा. बोळा बाजूला सारला की खाऊ!

दुसरे भांडे म्हणजे नारळाच्या करवंट्या. करवंटी आतून-बाहेरून घासून घ्या, कडा गुळगुळीत करा, आणि तीन करवंट्या पालथ्या घालून एकीखाली खाऊ ठेवा. मांजर वासाने ओळखते आणि नाकाने किंवा पंजाने करवंटी उलथते. पहिल्या दिवशी करवंटीखाली लहान लाकडी तुकडा सरकवून ती किंचित उचलून ठेवावी, म्हणजे त्याला युक्ती सापडते.

तिसरे, अंड्यांचा कागदी ट्रे किंवा बुटांचे खोके. खोक्याच्या झाकणाला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, पंजा आरपार जाईल आणि सहज बाहेर येईल अशी भोके पाडायची. आत कोरडे खाणे टाकायचे. मांजर पंजा घालून एकेक दाणा वर काढते. बिळात हात घालण्याचाच हा प्रकार.

चौथे, प्लॅस्टिकची लहान बाटली. हिला दोन-तीन भोके पाडून आत कोरडे दाणे भरले की मांजर ती लोळवू लागते आणि दाणे एकेक गळतात. भोक दाण्याच्या दीडपट तरी असावे. भोकांच्या कडा काचकागदाने घासा, झाकणाची सुटी कडी काढून टाका. आणि भोके मोठ्या माणसाने पाडावीत, मुलांच्या हाती सुरी देऊ नये.

आत घालायचे काय? मांजर हा मांसाहारी जीव आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला हवेच असते, आणि ते मांस-मासळीतून मिळते. नुसत्या दूध-पोळीवर मांजराचे भागत नाही. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. तेव्हा तयार कोरडे खाद्य, किंवा काटे-हाडे काढलेली, मीठ-मसाला न घातलेली उकडलेली मासळी वा कोंबडी यांचे लहान तुकडे वापरा. कांदा-लसूण घातलेले कालवण मात्र कधीही देऊ नका; कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला अपाय करतो. आणि शिजवलेले हाड फुटून त्याचा अणकुचीदार तुकडा होतो, तेही नको.

बहिणीची चूक

आता एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. बहीण उत्साही. तिने पहिल्याच दिवशी मनीची वाटी उचलून ठेवली आणि सगळे खाणे लहान भोकांच्या बाटलीत भरले. म्हणाली, भूक लागली की शिकेल. मनीने बाटली हुंगली, एकदा ढकलली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दुपार गेली, रात्र गेली, तिने तोंडाला काही लावले नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीने डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते चांगलेच रागावले.

रागावण्याचे कारण मोठे आहे. माणसाने एकादशी केली तर चालते, मांजराने केलेली चालत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून मांजर दगावूही शकते. म्हणून "भूक लागली की शिकेल" हे सूत्र मांजराच्या बाबतीत घातक आहे.

मग योग्य रीत कोणती? पहिल्या आठवड्यात नेहमीची वाटी तशीच ठेवा, फक्त तिच्यातले चतुर्थांश खाणे कोड्याच्या भांड्यात घाला. भांडे इतके सोपे असावे की नुसते तोंड घातले तरी खाऊ मिळेल. भोके मोठी, झाकण नाही. आवडीचा एखादा तुकडा वरच ठेवा. जमू लागले की पुढच्या आठवड्यात निम्मे खाणे भांड्यात, मग थोडे झाकण, मग थोडी लहान भोके. पायरी पायरीने चढा, आणि मांजर अडले तर एक पायरी खाली उतरा. एक दिवस त्याने खाल्ले नाही तर वाटी भरून द्या. तरीही दुसऱ्या दिवशी तोंड लावले नाही तर सरळ दवाखाना गाठा.

आणखी चार गोष्टी. दिवसभराचे खाणे सकाळीच मोजून बाजूला काढा आणि सगळी भांडी त्यातूनच भरा. नाहीतर वाटीचे वाटीत आणि कोड्याचे वर, असे होऊन मांजर आणखी फुगेल. दोन मांजरे असतील तर दोघांना वेगळ्या कोपऱ्यात वेगळे भांडे द्या. भांडी रोज धुवा, ओले खाणे तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर मुंग्या आधी येतील. आणि दोरा, रबर, सुतळी यांचा वापर भांड्यात करू नका. दोरा गिळला तर तो आतड्यांत अडकतो आणि पोट फाडावे लागते.

मांजराला हे आवडते का?

इथे एखादा चौकस शिक्षक विचारील, "अहो, पण मांजराला कष्ट करून खायला आवडते, हे तुम्हांला कोणी सांगितले?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मौजेचे आहे. १९६३ साली जेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केला. शेजारी फुकटचे खाणे ठेवलेले असतानाही पुष्कळसे उंदीर दांडी दाबून, कष्ट करून मिळणारे खाणे खात होते. पुढे इतरही अनेक प्राण्यांत असेच दिसले. मांजराचे मात्र तसे नाही! अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिस येथे १७ पाळीव मांजरांवर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. समोर उघडे ताट आणि कोड्याचे भांडे अशी दोन्ही ठेवली, तर मांजरांनी मुख्यतः ताटातलेच खाल्ले. 'दे रे हरी खाटल्यावरी' हे मांजराला पहिल्यापासून पटलेले आहे, असे म्हणू या.

मग भांडे द्यायचे कशाला? मंडळी, आपल्या पोरांना लाडू आणि पाढे समोर ठेवले तर ती काय निवडतील? आवड वेगळी आणि गरज वेगळी. २०१६ साली मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या एका नियतकालिकात अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी या भांड्यांवर लेख लिहिला. त्यात त्यांनी आपल्या पाहण्यातली उदाहरणे दिली आहेत: कुणाचे वजन उतरले, कुणाचे अंगावर येणे कमी झाले, कुणाची भीती गेली. ही मोजक्या मांजरांची उदाहरणे आहेत, सर्व मांजरांबद्दलची ग्वाही नव्हे, हेही सांगितले पाहिजे.

आणि एक मर्यादा तुम्हां गावकऱ्यांसाठी. ज्यांची मांजरे मोकळी हिंडतात आणि परसातल्या चिमण्या-खारी मारून आणतात, त्यांना वाटेल की या भांड्याने शिकारीची हौस भागेल. तसे होत नाही. इंग्लंडमधील एक्सिटर विद्यापीठाने नैऋत्य इंग्लंडातल्या साडेतीनशेच्या वर मांजरांवर केलेली पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. कोड्याचे भांडे दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार कमी तर झाली नाहीच, उलट सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली. मात्र भरपूर मांस असलेले खाणे दिल्याने शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि मालकाने रोज पाच-दहा मिनिटे पिसाच्या काठीने मांजराला खेळवल्याने २५ टक्क्यांनी घटली. तेव्हा कोड्याचे भांडे हे मुख्यतः घरात कोंडलेल्या मांजरासाठी आहे, आणि त्याच्याही बाबतीत ते खेळाऐवजी नव्हे, खेळाच्या जोडीला आहे. खेळून झाले की पिसाची काठी आणि दोरी मात्र उचलून ठेवावी.

शिक्षकांसाठी दोन शब्द

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या अध्यापन पदविकेच्या पुस्तकात थॉर्नडाइक आणि त्याची मांजरे भेटलीच असतील. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याने पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी पेट्या केल्या, त्यांत भुकेले मांजर ठेवले आणि बाहेर मासळी ठेवली. आतली दोरी ओढली किंवा खुंटी दाबली की दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, चावे, फटीत नाक खुपसी आणि केव्हातरी चुकून दोरी ओढी. पुन्हा पुन्हा तसे होता होता लागणारा वेळ कमी होत जाई. १८९८ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि 'प्रयत्न-प्रमाद' हा शब्द आपल्या सर्वांच्या पाठीमागे लागला.

तोच प्रयोग तुमच्या वर्गातली मुले घरी करू शकतील, फक्त एका फरकाने. थॉर्नडाइकची मांजरे उपाशी ठेवलेली असत. आपण मांजराला उपाशी ठेवायचे नाही. आवडीचा एकच तुकडा करवंटीखाली ठेवायचा, तो मिळायला किती सेकंद लागले ते घड्याळावर पाहायचे आणि वहीत मांडायचे. दहा दिवसांच्या दहा नोंदी झाल्या की आलेख काढायचा. वजनही मुलांनीच करावे: मांजर घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग मांजराशिवाय, आणि वजाबाकी. विज्ञान झाले, गणित झाले, हस्तव्यवसाय झाला, आणि मुक्या जिवाकडे जरा थांबून पाहायची सवय लागली, ती वेगळीच. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनी नुसती भांडी बनवावी आणि शेजारच्यांना द्यावी.

एक गोष्ट मुले आपोआप शिकतील. भांडे फार सोपे असले तर मांजर कंटाळते, फार अवघड असले तर भिंतीकडे तोंड करून बसते. मधली पायरी सापडावी लागते. आपल्या वर्गातही मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसणारा एखादा असतोच ना?

मनीचे पुढे काय झाले?

चमत्कार झाला नाही. पहिला महिना आप्पेपात्रातच गेला. मग करवंट्या आल्या, मग खोके. रात्री निजण्यापूर्वी यजमान स्वतः दहा मिनिटे पिसाची काठी नाचवू लागले आणि मग शेवटचे खाणे कोड्याच्या भांड्यात ठेवू लागले. शिकार, मग खाणे, मग चाटणे, मग झोप, हा मांजराचा स्वाभाविक क्रम. तो जुळला आणि पहाटेच्या झडपा हळूहळू थांबल्या. साडेपाच किलोवरून पाचच्या खाली यायला तिला आठ महिने लागले. डॉक्टरांनी मुद्दामच बजावले होते की मांजराचे वजन घाईने उतरवायचे नसते. पोटावरचे केस आले. गादीचे कोपरे मात्र ती अजूनही अधूनमधून ओरबाडते, म्हणून तिच्यासाठी काथ्या गुंडाळलेला एक खांब उभा केला आहे.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. पहाटे खुडबुड ऐकून उठलो. पाहतो तो मनी करवंटी उलथण्यात गुंग, आणि शेजारी यजमान उकिडवे बसून तिला सांगताहेत, "ती नव्हे ग, पलीकडची!" मासळीबाजाराची गोष्ट मी काढली नाही.

तर मंडळी, तुमच्या घरचे मांजर माळ्यावर, परसात मोकळे हिंडत असेल तर त्याला काम आहे. त्याची चिंता नको. पण तुमची मुले-सुना शहरात असतील आणि सुट्टीत आल्यावर इथले एखादे पिलू नेण्याचा हट्ट धरतील, तर त्या पिलाबरोबर एक जुने आप्पेपात्र आणि तीन करवंट्या बांधून द्या. आणि सांगा, याला नुसते खायला घालू नका, काहीतरी करायलाही द्या.